मोजणी

एकाच कुशीवर मोजायचं,
मग दुप्पट करायचं.
नियम असा आहे. गाय दोन्ही अंगांनी सारखीच सोसते
असं धरून चाललेला.

पहाटे साडेपाच. वाडीवऱ्ह्याच्या पलीकडे लहानू कातोरेचा गोठा,
दारणेवरून येणारा गार वारा,
कपाळाला बांधलेली बॅटरी.
सात नंबरच्या मानेच्या पोळीखाली मी हात घालते,
मग कानाच्या आत, कासेमागे, शेपटीच्या बुडाशी.
मसुरीहून मोठ्या, एरंडाच्या बीहून लहान,
तेवढ्याच धरायच्या.
खसखशीसारखी पिल्लं सोडून द्यायची.

गावात मला गोचीडबाई म्हणतात.
तोंडावर मॅडम.

लस म्हणजे काय, लहानूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
म्हटलं, गोचिडीच्या आतड्यातला एक कण घेतला,
तो खमिरात वाढवला. तुमच्याकडच्या वायनरीत
द्राक्षाचा रस ज्याने फसफसतो
त्याच्याच एका लांबच्या चुलत भावंडात.
तो गाईला टोचला की तिचं रक्त त्याला ओळखायला शिकतं.
मग गोचीड येते. चिकटते. पिते.
आम्ही अडवत नाही.
पोटभर पिते, आणि प्यायलेलंच
तिचं आतडं आतून उसवत जातं.

‘म्हंजे चावायची ती चावणारच?’
चावणारच.
पण तीन हजार अंडी घालायची ती हजार घालील.

तो शेण ओढता ओढता थांबला.
‘मंग फायदा हिला न्हाई. हिच्या वासराला.’

एवढं साधं
आमच्या शंभर पानी प्रस्तावात कुणाला लिहिता आलं नव्हतं.

बाटल्या दोन, अ आणि ब.
एकीत लस, एकीत नुसतं खारं पाणी.
कुठली कुठली, ते पाकिटात, पाकीट नाशकात, कपाटात, कुलपात.
मलाही ठाऊक नाही, असं शपथेवर सांगूनही
लहानूची बायको मला चहा देताना
चेहरा वाचायची.

सात नंबर: बासष्ट. चाळीस. अकरा. तीन.
वहीत आकडा लिहिताना माझा हात हलला.
कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून गाईलाच सांगितलं.

प्रयोगशाळेत इनक्युबेटरच्या आत बारमाही श्रावण.
दुहेरी टेपवर उताण्या चिकटवलेल्या गोचिड्या
तपकिरी साबुदाण्यासारखी अंडी सोडत राहतात,
मी ती तोलते, मिलिग्रॅममध्ये.
सातच्या त्या तीन.
तिघींनी भरभरून घातली होती.
एकीचंही आतडं उसवलं नव्हतं.

म्हणजे गोचिड्या कमी झाल्या,
पण मरत नव्हत्या.
मग जात कुठे होत्या?

न सांगता संध्याकाळी गेले.
गोठ्यात तेजल, चौथीतली, पालथ्या घमेल्यावर बसलेली,
पुढ्यात डब्याच्या तळाशी बोटभर डिझेल.
चिमटीत धरायची, किंचित पिरगाळायची, ओढायची.
टुप्.
गाय डोळे मिटून मान लांबवून उभी,
तिला या लसीबद्दल काहीच आक्षेप नव्हता.

मला बघून पोर दचकली. मग म्हणाली,
‘तुम्ही एकाच बाजूच्या मोजता ना?
मी दोन्ही बाजूच्या काढते.’

मी रागावणार होते. तसा अधिकार होता मला,
सही केलेलं संमतीपत्र होतं.
‘हात साबणाने धू,’ एवढंच बोलले.

पाकीट फुटलं तेव्हा सातसमोर ब होता.
खारं पाणी.
अ वाल्या गाईंवर अंडी निम्म्याहून थोडी कमी भरली.
थोडीच. सर म्हणाले, पुन्हा करू,
कण बदलू, मात्रा बदलू, आणखी दोन वर्षं.
मी सातची ओळ खोडली.
‘वगळण्याचे कारण’ या रकान्यात दीड इंच जागा.
‘हाताने काढल्या’ असं लिहिलं,
कुणाच्या ते लिहिलं नाही.

परतताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला
मोज्यात काहीतरी हललं.
वाकून पाहिलं. एक.
सवयीने दुप्पट केली,
आणि दुसऱ्या पायात शोधू लागले.